झाकलेला तांब्या

कोंडाबाईने पुढे केलेला पाण्याचा तांब्या मिशनच्या मिससाहेबांनी हसून नाकारला आणि पिशवीतली आपली बाटली तोंडाला लावली. देवाला सगळी माणसं सारखी, असं त्या नुकतंच सांगून बसल्या होत्या. गावकुसाबाहेरच्या त्या वस्तीत त्यांना प्रार्थनेसाठी जागा हवी होती. अंगणातली माणसं मात्र एकेक करून उठून गेली.

"माझं काय चुकलं?" परतताना त्यांनी शांतवन मास्तरांना विचारलं. मास्तर त्याच वस्तीतले.

"पाटलीणबाईही आमच्या हातचं पाणी पीत नाहीत, मिससाहेब. पण त्या निदान सगळे सारखे म्हणून सांगायला येत नाहीत."

पाणी उकळूनच प्यायचं, असं विलायतेच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. मिससाहेबांनी ते मास्तरांना सांगितलं.

पुढच्या रविवारी त्या बाटली न घेता आल्या. काय व्हायचं ते होवो, असं ठरवून त्यांनी स्वतःच पाणी मागितलं. कोंडाबाईने फडक्याने झाकलेला तांब्या आणला. पाणी कोमट होतं.

"उकळलंय, बाई. तुमच्या पोटाला कच्चं पाणी सोसत न्हाई, मास्तर म्हणालं. मग तवाच सांगायचं की. आमच्यात चुली न्हाईत व्हय?"

मोठ्या मनाने आजारी पडायची तयारी करून मिससाहेब आल्या होत्या. आता शरमेने त्यांना तिच्याकडे बघवेना. त्यांनी तांब्या रिकामा केला.

"बसा," कोंडाबाई म्हणाली. "अंगण सारवून ठेवलंय. माणसं येत्यात."