खांद्याचं माप

तिसऱ्यांदाही तेच आलं. बाईच्या रक्तात पुरुषाच्या पेशी.

तपासणीच्या खोलीच्या मुख्य बाईंनी कागद टेबलावर आपटला. अख्खी प्रयोगशाळा त्यांना पाठीमागे हवालदारीण म्हणे, आणि ते नाव त्यांनी कष्टाने कमावलं होतं. बायकांच्या रक्तात पुरुषाच्या पेशी सापडतात का, ते शोधायचं या खोलीचं काम. म्हणून इथे सगळ्या बायकाच. एखाद्या पुरुषाच्या कातडीचा डोळ्याला न दिसणारा कण जरी नमुन्यात पडला, तरी सगळं मुसळ केरात. उंबऱ्यावर लाल पट्टी चिकटवली होती आणि खुद्द प्रयोगशाळेच्या साहेबांनाही ती ओलांडायची बंदी होती.

"तो कण माझा नाही हो," साहेब पट्टीपलीकडून म्हणाले. "मी इथे श्वाससुद्धा बेताने घेतो."

बाईंना हसू आलं नाही. बासष्ट नंबरचा नमुना कधीच गरोदर न राहिलेल्या बायकांच्या गटातला होता. वय एकाहत्तर, लग्न नाही, धंदा शिवणकाम. तिच्या रक्तात हे यायला नकोच होतं. म्हणजे घाण इथेच, बाईंच्या हाताखाली मिसळली. बावीस वर्षांत एक नमुना नासला नव्हता.

"आज पुन्हा रक्त घेते," त्या म्हणाल्या. "चूक माझी निघाली तर ही खोली मी सोडली."

चार वाजता बासष्ट नंबरची शिवणारी मावशी आली, सोबत भावजय. मावशीने न सांगताच बाही वर केली.

"मावशी, कधी रक्त चढवलं होतं तुम्हाला?" नळीवर नंबर लिहिताना बाईंनी विचारलं.

"कसलं रक्त नि कसलं काय," उत्तर भावजयीने दिलं. "यांना साधा ताप येत नाही. लग्न नाही, मूल नाही, जिवाला घोर नाही. तुमचा तो फॉर्मसुद्धा मीच भरला, यांच्या शेजारी बसून."

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी मावशीकडे पाहिलं. मावशी कोपरावरच्या कापसाकडे बघत होती.

"जा गं, खालून चहा घेऊन ये," मावशी म्हणाली. "चक्कर आल्यासारखं वाटतंय."

मावशीने भावजयीची पावलं जिन्यात उतरू दिली.

"त्या फॉर्मवर खोटं लिहिलंय," मग ती म्हणाली. "तिच्यासमोर काय सांगणार? ती घरात आली त्याच्या आधीचं आहे ते. सातवा महिना होता. रडलंच नाही. नर्सने फडक्यात गुंडाळून नेलं. काय होतं, विचारलं, तर म्हणाली, विसरून जा, त्यातच शहाणपण. आईला विचारलं. ती जाईपर्यंत विचारत होते. तिने मूग गिळले ते गिळलेच."

"किती वर्षं झाली?"

"एकोणपन्नास. दर वर्षी एक झबलं शिवते. झबलं दोघांनाही चालतं ना. पुढे फ्रॉक शिवायचा की शर्ट, तेच कळेना. मग झबल्याशीच अडकले."

नमुना देणाऱ्याला निकाल सांगायचा नाही, हा नियम बाईंनीच घातलेला. भिंतीवर तो त्यांच्याच अक्षरात लटकत होता. त्यांनी स्टूल ओढलं आणि मावशीच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसल्या.

"पोटात मूल असताना त्याच्या थोड्या पेशी आईच्या रक्तात उतरतात," त्या म्हणाल्या. "मूल गेलं तरी त्या कधी कधी जात नाहीत. पन्नास-पन्नास वर्षं आईच्या अंगात राहतात, वाढतात. आम्ही तेच शोधतो. तुमच्या रक्तात मला तीनदा सापडल्या. मुलाच्या. मुलगा होता, मावशी. अजून थोडा आहे."

मावशीने कोपरावरचा कापूस घट्ट दाबून धरला. पुष्कळ वेळ तसाच धरून ठेवला. रडू फुटलं ते मुख्य बाईंना.

"आत्ता घेतलंत, त्या नळीतही असेल?"

"असेल."

"सांडू नका हं," मावशी म्हणाली.

मग मावशीने पिशवीतून मापाची टेप काढली आणि ती दाराशी गेली. काय ठरलं ते ऐकायला साहेब पट्टीपलीकडे ताटकळत होते.

"साहेब, वय काय तुमचं?"

"परवाच एकोणपन्नास पूर्ण झाली. का हो?"

"जरा वळून उभे राहा. हात सैल सोडा."

साहेबांनी बाईंकडे पाहिलं.

"वळा म्हणतायत ना," बाई म्हणाल्या.

साहेब वळले. मावशीने पट्टी ओलांडली आणि चवड्यांवर उभं राहून त्यांच्या पाठीवर टेप लावली. आयुष्यभर तिने बायकांचे आणि पोरांचे कपडे शिवले होते; पुरुषाच्या खांद्यापर्यंत तिचा हात पोचता पोचत नव्हता. बाईंनी निकालाचा तोच कागद उलटा केला आणि ती सांगेल ते आकडे मागे उतरवू लागल्या. छाती एकेचाळीस. बाही चोवीस. खांदा अठरा. साहेब आता खरंच श्वास बेताने घेत होते.

भावजय चहा घेऊन जिन्याच्या तोंडाशी आली आणि तिथेच थबकली.

"ताई, हे कुणासाठी?"

मावशीने टेप खाली घेतली नाही.

"बाई, खांदा साडेअठरा लिहा," ती म्हणाली. "आमच्या घरची माणसं खांद्याने रुंद असतात."