फवाऱ्याखालचा स्वेटर

बारकीने आधी हँगर बॅगेत कोंबला आणि मगच आरडाओरडा केला.

हॉस्टेलच्या खोलीत घोट्याएवढं पाणी साचलं होतं. छतातला आग विझवायचा फवारा फुटला होता. दारामागे पाटी होती: फवाऱ्याला कपडे टांगू नयेत, खोलीत मेणबत्ती पेटवू नये. पण ती पाटी कोण वाचतंय! बारकी ओला स्वेटर रोज फवाऱ्यालाच टांगायची. आजही टांगून ती वर्गाला गेली होती.

रूममेट बाथरूममधून धावत आली. तिच्या केसांतून पाणी निथळत होतं. ती आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला, म्हणून सगळा मजला तिला बिल्डर म्हणायचा. तिचं मॉडेल टेबलावर महिनाभर चादरीखाली झाकलेलं असे. "पूर्ण झालं की दाखवते गं," म्हणायची. बारकीला दिसायचे ते कठड्यांसाठी आणलेल्या लाल दोऱ्याचे तुकडे. आता चादरीखाली नुसता पुठ्ठ्याचा लगदा होता.

"उद्या जमा करायचं होतं," म्हणत बिल्डर पलंगाच्या उघड्या फळीवर मटकन बसली. तिची गादी, अंथरूण सकाळीच गच्चीवर उन्हात गेलं होतं. वाचलं ते तेवढंच.

रेक्टरबाईंनी दोघींना ऑफिसात बोलावलं.

"फवारा काही आपोआप फुटत नाही," त्या बिल्डरला म्हणाल्या. "तुझी चूक निघाली तर मुदतवाढ विसर. वर्ष गेलं समज."

 बिल्डरने फक्त एकदा बारकीकडे पाहिलं.

त्या नजरेने बारकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या स्वेटरपायी हिचं वर्ष बुडणार, आणि आपण हँगर लपवून साळसूदपणे उभ्या! पण कबूल केलं तर हॉस्टेल सुटणार. मग मामाकडे राहायचं, म्हणजे शहराचं दुसरं टोक आणि मामीचे टोमणे.

तिने बॅग उघडली आणि हँगर टेबलावर ठेवला.

"मॅडम, चूक माझी आहे. स्वेटर मी टांगला होता."

बिल्डरला मुदत मिळाली. बारकीला संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करायला सांगितलं.

बाहेर आल्यावर बिल्डरने तिला घट्ट मिठी मारली. "वेडी आहेस का, रडतेस काय? मी नाही हं रागावले. चुका होतात गं माणसाच्या हातून."

एवढं मोठं मन पाहून बारकीला आणखीच रडू फुटलं.

बिल्डर कॉलेजात सरांना भेटायला गेली. बारकीने सामान भरलं, पण पाय निघेना. निदान खोली तरी हिला स्वच्छ करून द्यावी, असं तिला वाटलं. छताला ओल्या रंगाचे पोपडे लोंबत होते. ते पाडायला तिने जळमटं काढायचा लांब झाडू शोधला. तो बिल्डरच्या कपाटामागे पार आत सारलेला होता. तिने ओढून बाहेर काढला.

दांड्याच्या टोकाला लाल दोऱ्याने करकचून बांधलेली, अर्धी वितळलेली मेणबत्ती होती.