छातीइतकं पाणी

"मासे बघायला इतक्या लांब कशाला यायचं? बाजारात दिसतात की," आई म्हणाली. ती छातीइतक्या पाण्यात उभी होती आणि मास्कचा पट्टा केसांतून सोडवत होती.

"ते मेलेले असतात, आई," लेक म्हणाली. "तोंड पाण्यात घाल आणि नळीतून श्वास घे. बाकी काही करायचं नाही."

बेटाच्या पाठीमागची ती एवढीशी खाडी. तिन्ही बाजूंनी कातळ, मधे नितळ पाणी, आणि माणसं म्हणाल तर या दोघी आणि काठाला होडी लावून पाय पसरून बसलेला होडीवाला. वर्षभर रजा साठवून लेकीने आईला इथे आणलं होतं. होडीवाल्याने दिलेलं लाइफ जॅकेट आईने मघाशीच काढून खडकावर टाकलं होतं. गळ्याला काचतं म्हणाली. लेकीने सांगून पाहिलं, मग नाद सोडला. आईपुढे कुणाचं काय चालतं? आणि नुसतं उभंच तर राहायचं होतं.

आईने तोंड पाण्यात घातलं. आधी वाळू दिसली आणि स्वतःचे पांढरेफटक पाय. मग एक पिवळा मासा आला आणि तिच्या बोटांना वळसा घालून गेला. त्याच्यामागे निळ्यांचा घोळकाच. तिला हसू फुटलं, हसताना नळीत पाणी शिरलं. ती वर येऊन खोकली आणि पुन्हा घाईने वाकली, जणू तेवढ्यात मासे निघून जातील. लेक थोडी लांब पालथी तरंगत होती. निळे मासे पुढे सरकले तशी आईही पुढे सरकली. आणखी जरा. आणखी एक पाऊल टाकलं आणि त्या पावलाखाली वाळूच नव्हती.

नाकातोंडात पाणी गेलं. नळी सुटली. मास्क मात्र डोळ्यांवर घट्ट होता, त्यामुळे तिला सगळं स्वच्छ दिसत होतं.

लेक समोरून झपाट्याने आली आणि तिने हात पुढे केला. आईने हात धरला नाही, खांदा धरला. मग मान, मग केस. सगळा भार टाकून तिने लेकीला खाली दाबलं आणि स्वतः वर आली. हवा मिळाली. पुन्हा बुडायला लागली तशी ती पायाने आधार चाचपू लागली. पायाखाली लेकीचा खांदा आला. तिने त्यावर जोर दिला.

होडीवाल्याने पोहत येऊन आईला मागून काखेत धरलं आणि ओढत काठावर आणलं. लेक मागाहून स्वतःच कशीबशी आली, गुडघ्यांवर बसली आणि पाणी ओकली. तिच्या मानेवर नखांचे लांब ओरखडे उमटले होते.

"ताई, बुडणाऱ्याच्या समोरून कधी जाऊ नये," होडीवाला धापा टाकत म्हणाला. "मागून धरायचं." मग तो आईकडे वळला. "मावशी, मनाला लावून घेऊ नका. पाण्यात कुणी कुणाला ओळखत नाही. माझ्या सख्ख्या भावाने असाच माझा दात पाडला होता. हा बघा." त्याने ओठ वर करून खिंडार दाखवलं.

"खरंय हो," आई म्हणाली. "मला काही दिसतच नव्हतं. कोण आहे, काय आहे, काही कळत नव्हतं."

लेक केस पिळत होती. तिने मान वर केली नाही.

आईने मनाशी जुळवाजुळव करून पाहिली. हिला पोहता येतं, हिला काही होणार नाही, असं आपल्या मनात आलं असेल. पण तसं काही मनात आलं नव्हतं. ते तिला आत्ता, वाळूवर बसल्यावर सुचलं होतं. पाण्यात लेकीचा चेहरा तिच्या हातभर अंतरावर होता. तो कुणाचा आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि तरीही तिने दाबलं होतं.

होडीत बसल्यावर लेकीने टॉवेल आईच्या खांद्यांवर घातला आणि स्वतः समोरच्या फळीवर जाऊन बसली.

"फार लागलं का गं?"

"नाही."

"मला खरंच कळलं नाही गं, तू आहेस ते."

लेक भाजी करपल्याचं सांगावं तशा आवाजात म्हणाली, "तुझे डोळे उघडे होते, आई. मला दिसत होते." आणि लगेच पुढे, "घरी बाबांना काही सांगायला नको. उगाच काळजी करत बसतील."

आईने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात इंजिन सुरू झालं आणि आता ओरडून बोलावं लागलं असतं. ओरडून सांगण्यासारखं तिच्याजवळ काही नव्हतं.

कातळ ओलांडून होडी उघड्या समुद्रात आली आणि पहिल्याच लाटेवर तिरकी झाली. आईचा हात आपसूक पुढे गेला. लेकीचा खांदा चटकन मागे सरला. मग लेकीच्या ते लक्षात आलं. ती फळीच्या टोकाशी सरकली आणि तिने स्वतःहून हात पुढे केला.

"धर," ती म्हणाली.

आईने आपल्या फळीची कड धरली.