निम्मेसाहेबांची टाकी

"किती भरली रे?" निम्मेसाहेबांनी मान वर करून विचारलं.

"अर्धी, साहेब!" टाकीच्या शिडीवरून पंपवाल्याने हाळी दिली.

साहेब पुन्हा टाकीच्या पायाशी उकिडवे बसले. तिथे एक काटा बसवला होता. जमीन केसभर दबली तरी तो सरकणार होता. तो जागचा हलला नव्हता, पण साहेबांच्या पोटात सकाळपासून गोळा आला होता. टाकीच्या चहूबाजूंना घरं होती. समोरच्या गच्चीवर एक बाई कपडे वाळत घालत होती.

निम्मेसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. मातीची ताकद मोजून आली, की पाया आखणारा ती पुरती धरत नाही. एकाहून लहान गुणकाने गुणून कमी करतो. तपासताना चूक होते, दोन हातांवर मातीची जातच बदलते, म्हणून. चाचणी किती भरवशाची हे बघून बाकीचे लोक गुणक कमी-जास्त करत. साहेबांचा गुणक एकच. निम्मा.

आणि तो मातीपुरता राहिला नव्हता. बायकोने दोन किलो बटाटे सांगितले की साहेब एक किलो आणत. बायको हूं की चूं करत नसे. डॉक्टरांनी चार गोळ्या लिहिल्या की दोनच घेत, आणि ठणठणीत बरे होत.

त्यांची लेक माती तपासायची प्रयोगशाळा चालवायची. तिचाही आकडा साहेब निम्माच करत. तीन महिन्यांपूर्वी ती भरल्या ताटावरून उठली होती. "बाबा, परक्याचा आकडा निम्मा, नि पोटच्या पोरीचाही निम्माच? एकदा तरी माझ्यावर पुरता विश्वास ठेवून बघा!" तेव्हापासून अबोला होता. या टाकीचा अहवालसुद्धा तिने माणसाहाती पाठवला होता.

अहवालात आकडा होता चौरस मीटरला चाळीस टन. साहेबांनी दोन दिवस पेन्सिल चावली. मग जन्मात पहिल्यांदा गुणकाच्या जागी एक लिहिला. चाळीसचे चाळीस. पाया एरवीपेक्षा निम्माच झाला. टाकी भरली की हे लेकीला सांगायचं, म्हणून आज तिला बोलावणं धाडलं होतं.

ती आली, पण हाताची घडी घालूनच. "आई म्हणाली तुमच्या पोटात फार दुखतंय. म्हणजे थोडंसंच असेल."

"भरली, साहेब! काठोकाठ!" वरून आवाज आला. पंप थांबला.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. हिशेबाने दुपार व्हायला हवी होती. आत्ता कुठे दहा वाजत होते. "पंप भलताच जोरदार आहे," ते पुटपुटले. काटा जेमतेम थरथरून थांबला होता.

त्यांनी खिशातून कागद काढून लेकीच्या हातात ठेवला. "गुणक बघ. एक! तुझा आकडा पुरता धरला."

लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. "बाबा, हे काय करून बसलात?"

"तूच म्हणालीस ना!"

"म्हणाले. पण तुम्ही ऐकाल असं कुणाला वाटलं? तुम्ही निम्मा करणारच, म्हणून मी वीसचे चाळीस करून पाठवले! सगळेच तसं करतात. आईचे बटाटे काय, डॉक्टरांच्या गोळ्या काय!"

दोघंही काट्याकडे बघत राहिली. एक मिनिट. पाच मिनिटं. काटा हलेना. वर टाकी ताठ उभी.

"काठोकाठ भरली," लेक दबक्या आवाजात म्हणाली, "आणि उभी आहे."

साहेबांना हसू फुटलं. "म्हणजे माती आपल्या दोघांहून शहाणी निघाली!"

लेकही हसली, डोळे पुसत हसली. "उद्याच रिकामी करा आणि पाया रुंद करून घ्या."

"उद्याच. आता घरी चल. तुझ्या आईचे बटाटे वाट बघत असतील."

बापलेक हसत हसत कोपऱ्यावरून वळली. पंपवाला शिडी उतरून हात झटकू लागला.

"काय हो, भरली का टाकी?" गच्चीवरच्या बाईने विचारलं.

"निम्मी झाली, ताई. साहेबांना दुप्पटच सांगावं लागतं," पंपवाला म्हणाला, आणि त्याने पंप पुन्हा चालू केला.