गड्याचे कपडे

सूर्यभान पाय मोडून खाटेवर पडला होता आणि घरातला कापूस खामगावच्या बाजारात पोचवायचा होता. भाव चढला होता. साऱ्या गावाच्या गाड्या निघत होत्या, वाटेत उघड्यावर मुक्काम पडणार होता. गाड्यांचा म्होरक्या खुशालराव सूर्यभानच्या बायकोला, जमुनाला, म्हणाला, "यायचं असन तं गड्याच्या कपड्यात ये. बाईले आमी मुक्कामात घेत नाही."

जमुनाने नवऱ्याचं धोतर नेसलं, बंडी घातली, फेटा बांधला. क्षणभर तशीच उभी राहिली. मग ते सारं उतरवून तिने आपलं जाडंभरडं लुगडं घट्ट कासोटा मारून नेसलं आणि थंडीसाठी घोंगडी खांद्यावर टाकली.

"काहून वं?" सूर्यभानने विचारलं.

"कापूस म्या वेचला. मंग चोरावानी काहून नेऊ?"

तिला लुगड्यात पाहून खुशालराव भडकला. "मंग घरीच राय."

"रस्ता काही तुमचा नाही, भाऊजी. मी मांगून येते. मुक्काम बी अलग करीन."

संध्याकाळी गाड्या माळावर थांबल्या. जमुनाने बरीच दूर एकटीनेच बैल सोडले आणि चूल मांडली. तेवढ्यात त्या गाड्यांमधली गावातल्याच केशवरावाची गाडी तिच्याकडे वळली.

"इकडं वारा कमी हाय," तो बैल सोडत म्हणाला. वारा साऱ्या माळावर सारखाच होता.

मग दुसरी गाडी आली. तिसरी आली. अंधार पडेस्तोवर पलीकडे एकच गाडी उरली होती, खुशालरावाची.