न फाटणारा आवाज

"झांजेच्या शेजारी उभी राहू नकोस, पुढे पस्तावशील," असं साउंडवाल्या काकांनी तिला सहा वर्षांपूर्वी बजावलं होतं. तिने ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. तेव्हा तिचा अ‍ॅम्प जेमतेम वीस वॉटचा. ड्रमर रंगात आला की तिची गिटार त्यात बुडायची. आवाज वाढवावा, तर बटण अर्ध्यावर गेलं की सूर जुन्या चादरीसारखा टरटर फाटायचा. मग निदान ताल तरी सुटू नये म्हणून ती ड्रमरला खेटून उभी राहायची.

आज ती वाद्यांच्या दुकानात होती आणि तोच ड्रमर शेजारी जांभया देत होता. तिच्या पायाशी बाबागाडी, गाडीत अकरा महिन्यांची छोटी. छोटीच्या कानांवर आवाज अडवणारे मोठाले हेडफोन.

"ही काय विमान चालवणार आहे?" ड्रमरने विचारलं.

"कान तिचे आहेत. उसने मिळत नाहीत," ती म्हणाली.

शनिवारी मोकळ्या मैदानात कार्यक्रम होता. दीड वर्ष तिच्या जागी दुसराच गिटारवाला वाजवत होता. ती परत येते म्हणाल्यावर ड्रमरने आडपडदा ठेवला नव्हता. माझ्यासमोर टिकेल असा अ‍ॅम्प दाखव, नाहीतर शनिवारी तोच वाजवेल. हे सगळं मेसेजवर. फोन करू नकोस, छोटी उठते, असं तिने त्याला केव्हाच सांगून ठेवलं होतं.

दुकानदाराने पहिला अ‍ॅम्प लावला. तिने गिटारच्या टोकाला ट्यूनरचा चिमटा अडकवला आणि हिरवा दिवा बघत सहाही तारा जुळवल्या. मग चपला काढल्या. जमीन लाकडी फळ्यांची होती. चपला राहू द्या, असं दुकानदार म्हणाला, तर तिने सांगितलं, घरी पोरीमागे अनवाणीच धावते, सवय झालीय.

शांत खोलीत सगळेच अ‍ॅम्प गुणी बाळासारखे वागतात, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिने ड्रमरला दुकानातल्या ड्रमसेटवर बसवलं आणि दया न दाखवता बडव म्हणून सांगितलं. स्वतः एका हाताने तारा छेडत दुसरा तळवा तिने मधूनमधून अ‍ॅम्पच्या पेटीवर टेकवला.

"ताई, ताप बघताय का?" वाजवणं थांबल्यावर दुकानदार हसला.

"हो. आहे. हा फाटतोय."

दुसरा चाळीस वॉटचा. तो सहाच्या आकड्यापर्यंत नीट वागला, सातवर त्याचा चिखल झाला. प्रत्येक वेळी तिने बटणाला हात लावायच्या आधी वळून बाबागाडीत बघितलं. ती काही पळून जात नाही, असं ड्रमरने म्हणून पाहिलं. तुला पोरं झाली की बोल, असं तिने त्याला ऐकवलं.

तो आता कंटाळला होता. लहान अ‍ॅम्प घे, त्याच्यासमोर माइक ठेवू, बाकीचं साउंडवाला बघेल, असा त्याचा हिशेब.

"मग आवाज लोकांना मिळेल. मला काय मिळेल?"

"तुझ्याकडे तोंड केलेला मॉनिटर स्पीकर असतो की."

"मॉनिटर नको. अ‍ॅम्प माझ्या पायाशी हवा. कितीही वाढवला तरी सहाही तारा वेगवेगळ्या कळल्या पाहिजेत."

ड्रमर पेडल सरकवायला खाली वाकला आणि तिथूनच पुटपुटला, "तो दुसरा गिटारवाला निदान ऐकून तरी घेतो." तिने उत्तरच दिलं नाही. ती तारा पुसत राहिली. त्याला ते चांगलंच झोंबलं.

मग दुकानदाराने कोपऱ्यातली एक धूळ बसलेली पेटी ओढून आणली. शंभर वॉटची, उचलायला दोन माणसं लागतील अशी. "याला कोणी विचारत नाही," तो म्हणाला. "हल्ली सगळ्यांना फाटलेलाच आवाज हवा असतो. आणि हा मेला फाटतच नाही."

"लावा."

ड्रमरने या वेळी सगळा राग झांजांवर काढला. ती त्याच्या समोर, टाचा रोवून. चार. पाच. सात. प्रत्येक तार आपापल्या जागी पोचत होती, एकीचा धक्का दुसरीला लागत नव्हता. त्याने तिला चकवायला मध्येच लय दुप्पट केली. तिची नजर त्याच्या काठ्यांवरून हलली नाही आणि ती अर्ध्या मात्रेनेही मागे पडली नाही. त्याने पुन्हा चकवलं. ती पुन्हा तिथेच.

शेवटी त्यानेच काठ्या खाली ठेवल्या. कपाळ पुसलं.

"शनिवारी पाच वाजता ये," तो म्हणाला. "आणि उशीर करू नकोस."

"हाच द्या," तिने दुकानदाराला सांगितलं आणि गाडीकडे पाठ करून निवांतपणे केबल गुंडाळायला घेतली. ड्रमर तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याने तिच्या खांद्यामागे बोट दाखवलं.

तिच्या मागे, हातभर अंतरावर, छोटी लालबुंद होऊन किंचाळत होती. दुकानात दुसरा कसलाही आवाज नव्हता. तिने बोटाच्या दिशेने वळून बघितलं, केबल टाकली, पोरीला छातीशी घेतलं आणि दुकानदाराकडे तोंड करून हनुवटी वर केली. "शनिवारी ही पहिल्या रांगेत आजीच्या मांडीवर असेल, आणि आजीला डुलकी लागते. मला याच्या हातांवरून नजर काढता येणार नाही. तुम्ही कोणी आलात, तर ही रडतेय का, तेवढं मधूनमधून बघा. मला ऐकू येत नाही."