ओढणीचं टोक

किटलीचं झाकण खडखडलं तेव्हा बोस्सानच्या लक्षात आलं, चहाची वेळ झाली तरी सासरे परतले नव्हते. नवरा शहरात गेलेला. छोटी मायसा नुकतीच उठून डोळे चोळत होती.

बोस्सान तंबूबाहेर आली. दिवस मावळला होता. उंटिणीचं पिल्लू जमिनीतल्या वायूनं वर्षानुवर्षं जळत असलेल्या मोठ्या खड्ड्याच्या दिशेनं गेलं होतं आणि सासरे, गुर्बानआगा, त्याच्या मागे. मोतीबिंदूमुळे त्यांना अंधुकच दिसायचं. एरवी काळजी नसे. आगीचा उजेड डोळ्यांना कळायचा, धग तोंडावर यायची, तिथंच ते थांबायचे. पण यंदा आग फार उतरली होती, आणि आज वारा त्यांच्या पाठीकडून वाहत होता. पिल्लू केव्हाच बाजूला वळलं. आगा सरळ चालले होते.

ती धावत सुटली. लग्न होऊन आल्यापासून ती सासऱ्यांशी एक शब्द बोलली नव्हती. रीतच तशी. ओढणीचं टोक दातांत धरायचं आणि जे सांगायचं ते मायसाच्या तोंडून, "आजोबांना सांग, चहा झाला." आताही सवयीनं तिनं वळून पाहिलं. मायसा बरीच मागे, वाळूत धडपडत येत होती.

तिच्या दातांतलं टोक सुटलं. "थांबा! पुढे खड्डा आहे!"

आगा क्षणभर थबकले, मग आणखीच झपझप पुढे चालू लागले. तिन्हीसांजेला वाळवंटात अनोळखी बाईनं हाक मारली तर वळायचं नाही, हे त्यांनीच नातीला शिकवलं होतं.

"आगा, मी बोस्सान!"

"नाव बरं चोरून आणलंस," ते न वळता म्हणाले. "माझी सून बोलत नसते. जा, बाई, आल्या वाटेनं."

काठ आता अगदी जवळ आला होता. तिचे पाय वाळूत रुतत होते. काय सांगितलं तर पटेल, सुचेना. आणि ती गायला लागली. धापा टाकत, सूर सोडून, मायसाला निजवताना रोज म्हणायची ती अंगाई. तंबूतल्या पडद्यापलीकडे सासऱ्यांचं अंथरूण असायचं.

आगा जागच्या जागी थांबले.

"पोरी," ते हळूच म्हणाले, "तू होय."

तिनं बाही धरून त्यांना मागे ओढलं. ते उभे होते तिथली वाळू खाली घरंगळत गेली.

तेवढ्यात मायसा पोहोचली. बोस्सानचा हात ओढणीच्या टोकाकडे गेला आणि तिथंच राहिला. आगा तिच्याच दिशेनं कान देऊन होते.

"आई," मायसानं विचारलं, "चहा झाला, हे मी सांगू, की तूच सांगणार?"